आत ओढलेलं ‘हो’

त्वेरसेले, ९ मार्च १९९७

वेंडेला मावशी,

आई गेली तेव्हा तू कार्ड पाठवलं होतंस, त्यावर तुझा बेटावरचा पत्ता होता, म्हणून लिहितेय. फोनच करणार होते. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. फोनवर माझं काही चालत नाही. समोरचा हॅलो हॅलो करतो आणि मी नुसती उभी.

इसाकला नेलं गुरुवारी. दोन खुनांसाठी.

तिकडच्या पेपरात आलं असेल, तरी सांगते. जानेवारीत डॉक्टर स्तेनवाल मेले, टेकडीवरच्या वेड्यांच्या इस्पितळाचे जुने मोठे डॉक्टर. स्वतःच्या बागेत बाकड्यावर बसलेले सापडले. नाक गोठेल अशी थंडी आणि अंगात नुसता शर्ट. लोक म्हणाले, म्हातारपण, डोकं फिरलं असेल. मग गेल्या आठवड्यात बेंग्ट-उलोव. तिथलाच हेड वॉर्डबॉय. तोही तसाच, बसथांब्याच्या बाकड्यावर, शर्टात. तेव्हा कुठे पोलिसांनी दोघांचं रक्त तपासलं. कॉफीतून झोपेचं औषध दिलेलं. आधी झोपवलं, मग कोट काढून बाहेर बसवलं. बाकीचं थंडीने केलं.

टेकडीवर जो पेशंट ओरडेल त्याला मागच्या अंगणात, थंडीत, बाकड्यावर बसवायचे, गप्प होईपर्यंत. तू तिथे नर्स होतीस, तुला माहीतच असेल. इस्पितळ बंद होईपर्यंत इसाक तिथेच होता आणि त्यालाही बसवलेलं. डॉक्टर मेल्याचं कळलं तेव्हा तो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, “आता कळलं असेल त्यांना कसं वाटतं.” दूध घ्यायला गेला होता. दूध न घेताच आला.

म्हणून आपला गावचा पोलिस सुंडक्विस्ट घरी आला. बूट दारात काढले, टेबलाशी बसला, मी कॉफी दिली. मग त्याने विचारलं, “इसाक, बेंग्ट-उलोवला कॉफी तू दिलीस का रे?”

इसाक हो म्हणाला.

“आणि डॉक्टरला?”

तेही हो.

सुंडक्विस्ट माझ्याकडे वळला. मी बटाटे सोलत होते. म्हणाला, “ऐकलंस ना, पोरी?”

आता कोर्टात मी हे सांगायचंय. इसाक हो म्हणाला आणि मी ऐकलं, एवढंच. तसं झालं की त्याला बंद वॉर्डात टाकतील. सुंडक्विस्टच म्हणाला, तुरुंगाला सुटायची तारीख असते, तिथे नसते. तो बूट बांधत होता तेव्हा मीही हळूच विचारलं होतं, खरंच तू? मलाही हो म्हणाला. म्हणजे त्यानेच केलंय. पण भावाबद्दल हे माझ्या तोंडून नको असं वाटतं. मी गेलेच नाही कोर्टात तर चालेल का? तुला असल्या गोष्टी कळतात.

लॉन्ड्रीत कामावरच्या बायका जेवताना माझ्या टेबलाशी बसायच्या बंद झाल्यात. माझं काही अडत नाही. तशीही मी बोलत नव्हते.

हिल्मा


गोटलंड, १५ मार्च

हिल्मा बाळ,

कोर्टात जावं लागेल. न जाऊन भागत नाही, उलट ते शोधत घरी येतात. पण एक लक्षात ठेव. काय ऐकलंस ते सांगायचं. काय समजलीस ते नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोलिसांना त्या एकच वाटतात.

मला दोन गोष्टी कळव.

इसाक हो म्हणाला म्हणजे नक्की कसं? तोंडाने शब्द उच्चारला, की आपल्याकडे उत्तरेत करतात तसं नुसता श्वास आत ओढला? मूर्ख प्रश्न वाटेल, तरी सांग. मी इथे आले त्या वर्षी दुकानदारीण म्हणाली, मासे साफ करून देऊ का? मी सवयीने श्वास ओढून हो म्हटलं, तर ती बिचारी धावत जाऊन पाणी घेऊन आली. या बेटावरच्या माणसांना हो म्हणायला तीन वाक्यं लागतात, त्यातलं एक हवामानावर.

दुसरं, त्याला अजून ती डोकं शांत ठेवायची सुई देतात का? किती वर्षं झाली? कोण देतं?

बाकड्याचं लिहिलंस. बाकडं होतं. थंडी होती. त्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

जेवत जा. तुझी आई अशा वेळी जेवायची नाही.

वेंडेला मावशी


त्वेरसेले, २३ मार्च

मावशी,

खरंच मूर्ख प्रश्न आहे. श्वास ओढूनच म्हणाला, अजून कसं म्हणणार? इथे सगळे तसंच म्हणतात. आमच्या शेजारच्या गुनव्होरचं लग्न झालं तेव्हा पाद्रीबाबांनाही ती तसंच हो म्हणाली आणि त्यांनी लावलं लग्न. तू जास्तच दिवस राहिलीस तिकडे.

सुई त्याला दोन आठवड्यांनी असते. टेकडीवर गेला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं झाली. इस्पितळ बंद झाल्यापासून यूडित घरी येऊन देते. ती गावोगाव फिरणारी नर्स आहे, तुझ्यापेक्षा थोडी लहान असेल. फार चांगली आहे. आई गेल्यावर तीच एकटी परत परत यायची. बाकीचे एकदा केक घेऊन आले आणि संपलं.

शनिवारी तिनेच मला गाडीतून उमेओला नेलं, इसाकला भेटायला. खटल्यापर्यंत त्याला तिथल्या इस्पितळात तपासणीच्या वॉर्डात ठेवलंय. गाडी चालवताना ती बोलते आणि मी ऐकते, आमचं जमतं. मधे लाकडाच्या ट्रकमागे अडकलो तेव्हा तिने थर्मासमधून कॉफी दिली. म्हणाली, “हिल्मा, तू आता स्वतःचं बघ. तो तिथे उबेत आहे. वेळेवर जेवतोय. घरी याहून काय वेगळं होतं?”

मी म्हटलं, मला कोर्टात सांगायला लागणार आहे.

“मग सांगून टाक. खोटं थोडंच सांगणार आहेस?”

मी कप परत दिला. मग ती म्हणाली, “तुझ्यासाठी वाईट वाटतं ग मला. खरंच.” आणि बराच वेळ रेडिओ लावला.

इसाक जाड झालाय. पायात कागदासारख्या चपला. मला पाहून विचारलं, घरात लाकडं कोण फोडतं? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, “डाव्या बाजूची कुऱ्हाड घेऊ नकोस, दांडा सैल आहे.” खून केलेला माणूस असं बोलत असेल का? मला माहीत नाही. मी दुसरा कोणी पाहिलेला नाही.

हिल्मा


गोटलंड, ३१ मार्च

हिल्मा,

नीट वाच, आणि बसून वाच.

ती सुई वर्षानुवर्षं घेतली की शरीर काहीतरी स्वतःचंच करायला लागतं. कोणाची जीभ वळवळते, कोणाचे हात थांबत नाहीत. काहींचा श्वास धरतो, मधेच झटका बसून आत ओढला जातो. माणूस घाबरला, कोणी समोर बसून प्रश्न विचारला, की जास्त. मी वॉर्डात असे पुष्कळ पाहिले. ते काही म्हणत नसतात. त्यांना ते थांबवता येत नाही, एवढंच.

बेटावरच्या पोलिसाला वाटलं असतं की पोराला दमा आहे. दक्षिणेकडच्या कुठल्याही पोलिसाला तसंच वाटलं असतं. सुंडक्विस्ट आपल्याकडचा, म्हणून त्याला त्यात हो ऐकू आलं. तुलाही तेच झालं. यात तुझी चूक नाही, तुमच्या कानांची ती सवयच आहे.

माझं बरोबर आहे का ते तू तपास. त्याला भेटायला जा, वॉर्डातला कोणीतरी माणूस शेजारी साक्षीला बसव, आणि ज्यांचं उत्तर हो असूच शकत नाही असे प्रश्न विचार. कितीही वेडगळ चालतील.

आणि तुझ्या त्या यूडितला विचार. दोन वर्षं ती त्याच्या दंडात सुई टोचतेय. शिकलेल्या नर्सला हे दिसायला हवं. तिने ते पोलिसांना का सांगितलं नाही?

वेंडेला मावशी


त्वेरसेले, ७ एप्रिल

मावशी,

तुझं बरोबर होतं.

वॉर्डात पेक्का नावाचा फिनलंडचा माणूस कामाला आहे, त्याला बसवलं शेजारी. मी आधी सांगितलंच नाही काय करणारेय, नाहीतर मला जमलं नसतं. इसाकसमोर बसले आणि विचारलं, “इसाक, तू आपल्या राजाची मुलगी आहेस का?”

त्याने श्वास आत ओढला. हो.

पेक्काने पेपर खाली ठेवला.

“तू घोडा आहेस का?”

हो.

पेक्का म्हणाला, “मी विचारू एक? इसाक, हॉकीत यंदा फिनलंड हरणार?”

हो.

“हा पोरगा नक्की आजारी आहे,” पेक्का म्हणाला. इसाकलाही हसू आलं. खूप दिवसांनी पाहिलं.

मग मी विचारलं, आई घरी आहे का? तेव्हाही त्याने तसंच ओढलं, पण डोळे माझ्याकडे नव्हते. ते नको होतं विचारायला.

मी म्हटलं, “इसाक, तुला नाही म्हणायचं असलं तर तू काय करतोस?”

तो बराच वेळ टेबलाकडे बघत बसला. मग म्हणाला, “नाही म्हणायला मला वेळ लागतो. तोवर लोक गेलेले असतात.”

म्हणून मी पुन्हा विचारलं, कॉफी तू दिलीस का? त्याने श्वास ओढला. मी उठले नाही. पेक्काही उठला नाही. मग इसाक म्हणाला, “नाही. मला कॉफी करता येत नाही, तुला माहितीय की.”

मला माहीत होतं, मावशी. त्याने आयुष्यात कधी कॉफी केलेली नाही. एकदा केली होती तर भांडं जाळलं. आणि मी कोर्टात सांगायला निघाले होते.

पेक्काने सगळं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी सुंडक्विस्टला. तो घरी आला, बूट काढले, टेबलाशी बसला. म्हणाला, “म्हणजे आता या गावात कोणाचं हो खरं धरायचं?” मी कॉफी देऊ का विचारलं तर त्याने श्वास आत ओढला आणि लाल झाला. पण मग म्हणाला, कबुली गेली असं धर, तरी इसाक सुटत नाही. दुकानात बोलला ते दहा जणांनी ऐकलंय. डॉक्टरवर त्याचा राग होता. आणि दुसरा कोणी समोर नाही. “दुसरा कोणी आणून दे, उद्या सोडतो.” मी कुठून आणू?

यूडितलाही विचारलं, तू म्हणालीस म्हणून. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणाली, “श्वासाचं मला माहीत होतं. सांगायला हवं होतं मी.” एवढंच. मला वाटलं ती दमली असेल, तिला खूप गावं असतात. मग तिने विचारलं, हे तुला शिकवलं कोणी? मी तुझं नाव सांगितलं.

“वेंडेला? निळ्या वॉर्डातली? ती आहे अजून?”

तिची धाकटी बहीण मायकेन त्या वॉर्डात होती म्हणे. एकोणीस वर्षांची. पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात गेली, कागदावर न्यूमोनिया. यूडित म्हणाली, “त्या पाळीला तुझी मावशी होती.” तू मला हे कधी सांगितलं नाहीस. तू मला काहीच सांगत नाहीस.

यूडित तुला भेटायला येतेय. रजा टाकलीय तिने, रेल्वेने आणि मग बोटीने. मी पत्ता दिला. शनिवारी पोचेल. तू कॉफी करून ठेवू नकोस, ती कुठेही गेली तरी आपला थर्मास घेऊन जाते आणि समोरच्यालाही त्यातलीच देते. तुझ्यासाठी वेलचीचे बन पण करणार आहे.

हिल्मा


गोटलंड, १३ एप्रिल

हिल्मा,

सुंडक्विस्टने तुला सांगितलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र काल सकाळी आलं, यूडित दुपारच्या बोटीने. मधल्या वेळात मी ते पुन्हा वाचलं. यूडितला मी ओळखत नव्हते, ती कोणाची बहीण तेही माहीत नव्हतं. मायकेनला ओळखत होते. तिचं नाव वाचलं, मग थर्मास वाचलं, आणि मग फार विचार करावा लागला नाही. औषध, कॉफी, घरोघर जाणं. आणि तिला जवळ बसू देतील असे जुने लोक.

शेजाऱ्याकडे जाता आलं असतं. पोलिसांनाही बोलावता आलं असतं. पण ते काय धरणार होते? म्हातारीचा संशय आणि एक पिशवी बन. इसाकला सोडवू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते माझ्याकडेच येत होतं. मी टेबल पुसलं आणि बसले.

ती आली. बूट काढले. मी दोन कप ठेवले.

“दूध घेतेस?” तिने विचारलं.

“काळीच.”

तिने ओतली. मी कप पुढे सरकवला.

“पीत नाहीस?”

“आधी सुंडक्विस्टला फोन कर. मग पिते.”

तिने थर्मास खाली ठेवला. मी विचारलं, “बनमध्ये पण आहे का?”

“नाही. बन चांगले आहेत.”

म्हणून मी बन घेतला. खोटं बोलत नव्हती.

मी म्हटलं, “त्या पोराने तुझं काय केलंय?”

“काही नाही. त्याला कोणी धरेल असं माझ्या मनात नव्हतं. पण धरलं. तो उबेत आहे, वेळेवर जेवतोय.”

“मायकेनही वेळेवर जेवत होती,” मी म्हटलं.

 तिने विचारलं, “तिचं ब्लँकेट कोणी काढलं?”

“मी.”

“का?”

“डॉक्टर म्हणाला, ब्लँकेट असेल तर ती गप्प कशाला होईल. बेंग्ट-उलोवने तिला बाहेर नेलं आणि ब्लँकेट मी काढलं. मी ब्लँकेट परत घेऊन गेले तेव्हा ती गप्प झालेली होती. कागदावर न्यूमोनिया डॉक्टरने लिहिलं, खाली सही माझी पण आहे.”

यूडित म्हणाली, “त्या दोघांनाही मी विचारलं होतं, ओतायच्या आधी. डॉक्टर म्हणाले, कोण मायकेन? बेंग्ट-उलोव म्हणाला, किती वर्षं झाली त्याला, सोड आता.” मग म्हणाली, “हे तू कोर्टात म्हणशील? तुझं नाव घेऊन, तिचं नाव घेऊन?”

मी म्हटलं, म्हणेन.

“लोक ऐकतील.”

“ऐकू देत.”

तिने माझा कप उचलला आणि मोरीत ओतला. स्वतः धुतला सुद्धा. थर्मासचं झाकण घट्ट लावलं, त्यात उरली होती ती तशीच ठेवली, म्हणाली पोलिसांना लागेल. मग माझ्या फोनवरून सुंडक्विस्टला सांगितलं, तारखेसकट. तो दोनदा म्हणाला, काय? ती दोनदा म्हणाली.

इकडच्या बाजूला पोलिसांची एकच गाडी असते आणि ती कुठेतरी मेंढ्या रस्त्यावरून हाकलायला गेली होती. तोवर आम्ही दोघी बसलो. उरलेले बन खाल्ले. वेलची जरा जास्त पडली होती, तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, मायकेनला जास्तच लागायची.

गाडीत बसताना तिने एवढंच विचारलं, इसाकची पुढची सुई मंगळवारी आहे, वॉर्डात माहीत आहे ना?

तू रागावली असशील. तसं असेल तर उत्तर नको पाठवू, मी समजेन.

वेंडेला मावशी


त्वेरसेले, १९ मे

मावशी,

एक महिना लिहिलं नाही. रागावले होते म्हणूनच.

इसाक घरी आलाय. सुंडक्विस्टने स्वतःच्या गाडीतून आणला. दारात टोपी काढून म्हणाला, “चुकलं माझं.” इसाक म्हणाला, “गाडीचा मागचा दिवा गेलाय तुझ्या.” मी आत यायला सांगितलं तर नको नको म्हणाला, आणि मग दोन कप पिऊन गेला.

लॉन्ड्रीतल्या बायका परत माझ्या टेबलाशी बसतात. बर्गिटने तर मला मिठी मारली. आता रोज जेवताना बोलावं लागतं. आधीचं बरं होतं.

नवीन नर्स येते. तरुण आहे, बूट काढायचं विसरते. तिने सुई बदलायचं ठरवलंय, डॉक्टरांशी बोलून. इसाकचा श्वास अजून तसाच धरतो. बरा होईल की नाही सांगता येत नाही म्हणाली.

यूडितची मला आठवण येते. हे मी कोणाला सांगत नाही. तिने माझ्या भावाला तिथे सडू दिलं असतं, आणि आईचे कपडे आवरायला एकटी तीच आली होती. दोन्ही खरं आहे आणि मला ते एकत्र ठेवता येत नाही.

तुझ्याबद्दलही तसंच. आमच्याकडे ब्लँकेटं येतात धुवायला, गठ्ठेच्या गठ्ठे. घडी घालताना रोज विचार करते. मी तुला माफ वगैरे केलेलं नाही. ते माझं काम नाही, मायकेनची आई जिवंत असती तर तिचं. पण तू ती कॉफी समोर ठेवून बसलीस, पळाली नाहीस, हेही मला माहितीय.

खटला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तुला बोलावणं आलं असेल. मलाही आलंय, श्वासाचं सांगायला. सगळे माझ्याकडे बघणार. सुंडक्विस्ट म्हणाला, एका कोणाकडे तरी बघून बोलायचं म्हणजे जमतं. मी तुझ्याकडे बघेन. तू पुढे बस.

तू बोलशील तेव्हा गावातली माणसं असतील, टेकडीवर कामाला होती ती पण. त्यांच्यातले काही तुझ्याशी बोलणार नाहीत नंतर. दुकानात आत्तापासूनच चाललंय, वीस वर्षांनी कशाला उकरायचं म्हणून. बर्गिटची आई त्यातली एक. मी तिला म्हटलं, “तुमची टेकडीवरची पाळी कुठली होती?” मोठ्याने म्हटलं. कसं निघालं तोंडातून कोण जाणे. ती सामान न घेता गेली.

हॉटेलात उतरू नकोस. आईच्या खोलीत पलंग लावलाय, खिडकी नीट बंद होते. काल रात्री जेवायच्या आधी इसाकने विचारलं, “मावशी किती दिवस राहणार?”

“खटला संपेपर्यंत.”

बटाटे उकडून झाले. मी पाणी ओतून टाकलं, ताटं मांडली.

मग तो म्हणाला, “नंतरही राहू दे तिला.”

हिल्मा